पॅट्रिक गेडीस : आधी पाहणी, मग आराखडा

सर पॅट्रिक गेडीस (१८५४–१९३२) हे शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, नोकरीने वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि कामाने नगररचनाकार. ब्रिटनमध्ये स्वतःला ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ म्हणवून घेणाऱ्या अगदी पहिल्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. त्यांच्या भूदृश्यरचनेत श्रीमंतांच्या वाड्याभोवतीच्या हिरवळीला फारसे स्थान नव्हते. नदी, ओढा, तळे, विहीर, झाड, गल्ली, घर आणि तिथे राबणारा माणूस या सर्वांचा मिळून एक परिसर होतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. १९१४ ते १९२४ या दशकातील त्यांचा बराचसा काळ भारतात गेला. ठाणे, नागपूर, बडोदा आणि इंदूर या मराठी माणसांच्या किंवा मराठी राजघराण्यांच्या शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले. मुंबई विद्यापीठात त्यांनी भारतातील समाजशास्त्राच्या पहिल्या विभागाचा पाया घातला. त्यामुळे त्यांचे जीवन आणि वारसा हा महाराष्ट्राच्या नगरजीवनाच्या इतिहासाचाही भाग ठरतो.

घडण

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पुढे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवरील एका घरात राहू लागले. तिथून खाली वसलेले शहर, टे नदी आणि पलीकडचे डोंगर एका नजरेत दिसत. वडिलांबरोबर बागेत काम करणे आणि डोंगरदऱ्यांत भटकणे हेच त्यांचे पहिले शिक्षण ठरले.

१८७४ नंतरची काही वर्षे त्यांनी लंडनमध्ये टॉमस हक्सली या विख्यात जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली अभ्यास केला. सजीव आणि त्याचा परिसर एकमेकांना घडवतात, ही दृष्टी त्यांना जीवशास्त्राने दिली. फ्रान्समधील वास्तव्यात फ्रेडरिक ल प्ले या समाजशास्त्रज्ञाचा विचार त्यांच्या हाती आला. कोणताही समाज समजून घ्यायचा तर स्थळ, काम आणि कुटुंब या तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात, असे ल प्ले यांचे म्हणणे होते. गेडीस यांनी त्याचा विस्तार ‘स्थळ, काम, लोक’ असा केला आणि ही त्रयी जन्मभर वापरली.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले. तिथे डोळ्यांच्या आजाराने त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परतली, पण सूक्ष्मदर्शकाखाली दीर्घकाळ काम करण्याची ताकद डोळ्यांत उरली नाही. अंधारातल्या त्या दिवसांत त्यांनी विचार मांडण्याची स्वतःची रीत शोधली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे आणि एका चौकोनातील कल्पनेचा शेजारच्या चौकोनाशी संबंध जोडत जायचे, अशी ती रीत होती. वेगवेगळ्या शास्त्रांच्या भिंती ओलांडण्याची सवय त्यांना इथूनच लागली.

एडिंबरा : वस्तीत राहून केलेले काम

१८८६ मध्ये त्यांचा विवाह अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी झाला. हे दांपत्य एडिंबराच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या दाटीवाटीच्या, मोडकळीस आलेल्या वस्तीत राहायला गेले. संपूर्ण वस्ती पाडून नवी बांधावी, असा त्या काळचा प्रघात होता. गेडीस दांपत्याने शेजाऱ्यांना बरोबर घेऊन घरे धुतली, रंगवली, खिडक्यांत फुलझाडे लावली. फार वाईट अवस्थेतील इमारती तेवढ्या काढून टाकल्या आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागी अंगणे व छोट्या बागा केल्या. वस्ती जागेवर राहिली आणि तिच्यात हवा व प्रकाश आला.

जुन्या एडिंबरातील पडीक मोकळ्या जागांची पाहणी त्यांच्या सहकाऱ्यांच्या मंडळाने केली, तेव्हा अशा सत्तरहून अधिक जागा सापडल्या. त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे १० एकर होते. शाळकरी मुले आणि रहिवासी यांच्या मदतीने त्यांतील काही जागांवर बागा उभ्या राहिल्या. या कामात त्यांची कन्या नोरा यांचा मोठा वाटा होता. पुढे एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयाची आखणी गेडीस यांनी वास्तुरचनाकार फ्रँक मिअर्स यांच्याबरोबर केली. हे प्राणिसंग्रहालय १९१३ मध्ये सुरू झाले. प्राण्यांना गजांच्या पिंजऱ्यांत कोंडण्यापेक्षा टेकडीच्या उतारावर मोकळी आवारे द्यावीत, हा त्या आखणीचा विशेष होता.

१८९२ मध्ये गेडीस यांनी एडिंबराच्या किल्ल्याजवळील एक मनोरा घेतला आणि त्याचे ‘आउटलुक टॉवर’ असे नामकरण केले. मनोऱ्याच्या माथ्यावरील यंत्रातून शहराचे हलते प्रतिबिंब आतील पांढऱ्या मेजावर पडे. त्याखालच्या मजल्यांवर अनुक्रमे एडिंबरा, स्कॉटलंड, इंग्रजीभाषक देश, युरोप आणि जग यांची माहिती मांडलेली होती. आपल्या गावापासून सुरुवात करून जगापर्यंत जायचे, असा हा अभ्यासक्रम होता.

दरम्यान १८८८ मध्ये ते डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९१९ पर्यंत त्या पदावर राहिले. वर्षातून फक्त उन्हाळी सत्र शिकवण्याची अट असल्याने उरलेला वेळ त्यांना शहरांच्या कामासाठी मिळाला.

डनफर्मलिनचा आराखडा आणि खोऱ्याचा छेद

उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी आपल्या जन्मगावाला, डनफर्मलिनला, पिटनक्रीफ हे विस्तीर्ण आवार देणगी दिले. तिथे उद्यान कसे करावे, याविषयीचा गेडीस यांचा अहवाल १९०४ मध्ये ‘सिटी डेव्हलपमेंट’ या नावाने प्रसिद्ध झाला. विचारणा एका उद्यानाविषयी होती, गेडीस यांनी उत्तर दिले ते संपूर्ण गावाविषयी. उद्यानातून वाहणारा ओढा घाण असेल तर उद्यान सुंदर होणार नाही, आणि ओढा स्वच्छ व्हायचा तर वरच्या बाजूचे कारखाने व घरे यांचा विचार करावा लागेल, असे त्यांनी दाखवून दिले. जुन्या इमारती दुरुस्त करून त्यांत संग्रहालये आणि कार्यशाळा सुरू कराव्यात, असेही सुचवले. देणगीच्या विश्वस्तांनी हा आराखडा स्वीकारला नाही. तरीही उद्यानाचा विचार पाण्यापासून आणि गावापासून वेगळा करता येत नाही, हे त्या अहवालाने तपशिलात मांडले.

याच काळात त्यांनी ‘खोऱ्याचा छेद’ ही संकल्पना विकसित केली. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमिनीचा उभा छेद काढायचा आणि प्रत्येक टप्प्यावर कोणते काम चालते ते पाहायचे. माथ्याजवळ खाणकामगार, मग लाकूडतोड्या आणि शिकारी, कुरणांवर मेंढपाळ, उतारावर कष्टाने जगणारा छोटा शेतकरी, सपाटीवर बागाईतदार आणि शेवटी कोळी. जमिनीचा उतार, माती व पाणी यांतून काम ठरते. कामातून घर, गाव आणि रीतिरिवाज घडतात. शहर या सगळ्या टप्प्यांच्या देवघेवीतून उभे राहते, म्हणून शहराची आखणी त्याच्या खोऱ्यासकट व्हायला हवी, असा त्याचा निष्कर्ष.

कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगावच्या परिसराला हा छेद सहज लावून पाहता येतो. वारणा सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. माथ्यावर चांदोलीचे जंगल आहे, शाहूवाडीच्या पठारांवर बॉक्साइटचे साठे आहेत. माळांवर धनगरांचे कळप चरतात, पश्चिमेच्या पावसाळी उतारांवर भात व नाचणी पिकते, आणि खाली काळ्या जमिनीत उसाचे मळे व साखर कारखाने आहेत. उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा यांच्या दरम्यान वसलेले पेठ वडगाव या खोऱ्यांतील देवघेवीचे ठिकाण म्हणून वाढले. नावातली ‘पेठ’ आणि जनावरांचा बाजार ही त्याची खूण. सेनापती धनाजी जाधव यांचे १७०८ मध्ये याच परिसरात निधन झाले आणि त्यांची समाधी इथे आहे. भूगोल, व्यवसाय आणि इतिहास यांचा असा एकत्रित मेळ मांडणे, यालाच गेडीस ‘पाहणी’ म्हणत.

भारतातील अहवाल

१९११ पासून गेडीस यांनी शहरांच्या इतिहासाचे व रचनेचे एक फिरते प्रदर्शन उभे केले होते. १९१३ मध्ये बेल्जियममधील घेंट येथे त्याला मोठे पारितोषिक मिळाले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते १९१४ मध्ये भारतात आले. नकाशे, चित्रे आणि प्रतिकृतींनी भरलेले प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून येत होते. पहिले महायुद्ध पेटलेले होते, आणि ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज हिंदी महासागरात बुडवले. अनेक वर्षांचे संकलन समुद्रतळाशी गेले. ब्रिटनमधील सहकाऱ्यांनी तातडीने नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ च्या प्रारंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले.

पुढील काही वर्षांत त्यांनी भारतातील सुमारे ५० गावांचे व शहरांचे अहवाल लिहिले. त्यांची पद्धत ठरलेली होती. पहाटे निघायचे, गल्लीबोळ पायी पालथे घालायचे, देवळे, विहिरी, पार, मोडकी घरे, रिकाम्या जागा नकाशावर टिपायच्या, लोक कुठे थांबतात आणि कुठून पाणी भरतात ते पाहायचे. कागदावर पट्टी ठेवून सरळ रुंद रस्ता आखणाऱ्या अभियंत्यांशी त्यांचे नेहमी खटके उडत. असा रस्ता शेकडो घरे पाडतो, गरिबांना आणखी दाटीच्या वस्तीत ढकलतो आणि नगरपालिकेचा खजिना रिकामा करतो, असे ते आकडेमोड करून दाखवत. त्याऐवजी त्यांनी सुचवलेला मार्ग होता ‘जपून केलेली शस्त्रक्रिया’. अगदी निरुपयोगी झालेली घरे काढायची, गल्ली जिथे तुंबते तिथेच रुंद करायची, सापडलेल्या मोकळ्या जागी चौक करून झाडे लावायची आणि बाकीची वस्ती शाबूत ठेवायची. तंजावरसारख्या ठिकाणी अधिकाऱ्यांच्या योजनेच्या तुलनेत फारच कमी खर्चात हे साधते, असे त्यांनी दाखवून दिले.

मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ मध्ये झाला. त्याच वर्षी गेडीस यांनी इलाख्यातील ठाण्यासह काही शहरांची पाहणी केली. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याचा, १९१७ मध्ये नागपूरचा आणि १९१८ मध्ये होळकरांच्या इंदूरचा अहवाल झाला. यांतील इंदूरचा अहवाल दोन खंडांचा आहे आणि त्यांच्या भारतातील कामाचा कळस मानला जातो.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी अतिशय दुःखाचे ठरले. एप्रिलमध्ये मोठा मुलगा अ‍ॅलस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. त्या वेळी अ‍ॅना भारतात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना ही बातमी कळू न देता गेडीस यांनी त्यांची शुश्रूषा केली. जूनमध्ये अ‍ॅना यांचेही निधन झाले. त्यानंतरही त्यांनी काम थांबवले नाही.

तळी, विहिरी आणि झाडे

मलेरियाचे कारण सांगून जुनी तळी आणि विहिरी बुजवण्याची मोहीम त्या काळी जोरात होती. गेडीस यांनी तिला ठाम विरोध केला. डासांच्या अळ्या मासे आणि बदके खातात. म्हणून तळे स्वच्छ करून त्यात मासे सोडावेत, काठ नीट बांधावेत आणि भोवती झाडे लावावीत, असा त्यांचा उपाय होता. तळे पावसाचे जास्तीचे पाणी पोटात घेते, भूजलाला आधार देते, उन्हाळ्यात हवा थंड ठेवते आणि लोकांना एकत्र बसण्याची जागा देते. नळाचे पाणी आले म्हणून विहिरी टाकून देऊ नयेत, कारण कोणतीही नळव्यवस्था कधी ना कधी बंद पडतेच, हा इशाराही त्यांनी दिला होता. मैल्याविषयीचा त्यांचा आग्रह असा की तो नदीत सोडण्याऐवजी जमिनीला द्यावा आणि त्यावर बागा व मळे पिकवावेत.

या इशाऱ्याचे मोल कोल्हापूर जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. कोल्हापूर शहरात एकेकाळी अनेक तळी होती. कपिलतीर्थाच्या जागी आज मंडई आहे, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आणि रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम. मैदानाची आणि मंडईची गरज खरी होती. पण पाणी साठवणाऱ्या जागा एकामागून एक गेल्यावर पावसाचे पाणी रस्त्यांवर येते, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनी पंचगंगेच्या खोऱ्यात पाण्याच्या वाटांचा प्रश्न सर्वांसमोर उभा केला. नव्या वस्तीसाठी जागा ठरवताना आधी पाण्याची वाट पाहायची, ही गेडीस यांची शिस्त इथे जीवनमरणाची ठरते.

इंदूरची दिवाळी

इंदूरमध्ये गेडीस आले तेव्हा शहराला प्लेगने ग्रासले होते. लोक बाहेरच्या अधिकाऱ्यांना घाबरत. घरे पाडणारा म्हणून त्यांच्याकडेही संशयाने पाहत. गेडीस यांनी महाराजांकडून दिवाळीपुरते शहराचे अधिकार मागून घेतले आणि जाहीर केले की, मिरवणूक त्याच भागातून जाईल जिथली घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ असतील. लोकांनी घरे झाडली, डागडुजी केली, रंग दिले. घरांतील अडगळ आणि कचरा पालिकेने मोफत उचलला. उंदरांची बिळे उघडी पडली आणि बुजवली गेली.

मिरवणुकीत हत्ती, घोडे आणि वाद्ये होती. पाठोपाठ रोगराईचे अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर आला. त्यामागून स्वच्छ कपडे घातलेले, गळ्यात हार असलेले सफाई कामगार चालत होते. शेवटी नव्या इंदूरच्या इमारतींच्या आणि बागांच्या प्रतिकृती होत्या. राक्षसांचे दहन झाले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. नगररचना लोकांच्या सणात, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या हातांनी कशी होऊ शकते, याचे हे संस्मरणीय उदाहरण आहे. सफाई कामगारांना त्या दिवशी मान मिळाला. त्या कामाला जखडणारी जातिव्यवस्था मात्र तशीच राहिली. गेडीस यांच्या दृष्टीची ही मर्यादा स्पष्टपणे नोंदवायला हवी. श्रमिकांचा त्यांना कळवळा होता, पण सत्ता आणि विषमता यांच्या प्रश्नाला त्यांनी पुरेशा थेटपणे हात घातला नाही.

मुंबई विद्यापीठ

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात ‘समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र’ हा विभाग सुरू झाला आणि गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. वर्गात बसून पुस्तके वाचण्याइतकेच महत्त्व त्यांनी शहरात फिरून पाहण्याला दिले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे विद्वान त्यांच्या सांगण्यावरून समाजशास्त्राकडे वळले, विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले आणि परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी या विभागाची धुरा सांभाळली. भारतीय समाजशास्त्राची पुढची पिढी घुर्ये यांच्या हाताखाली तयार झाली. घुर्ये यांची पद्धत गुरूंपेक्षा बरीच वेगळी होती, तरी महाराष्ट्रात या विद्येचे पहिले रोप गेडीस यांनी लावले हे खरे.

याच काळात त्यांनी जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र लिहिले (१९२०). रवींद्रनाथ टागोरांशी विश्वभारतीच्या उभारणीविषयी त्यांचा पत्रव्यवहार झाला, आणि धाकटा मुलगा आर्थर यांनी श्रीनिकेतनच्या ग्रामीण कामात भाग घेतला.

अखेरची वर्षे

प्रकृती खालावल्याने १९२४ मध्ये गेडीस यांनी भारत सोडला आणि फ्रान्समधील माँपेलिए येथे वास्तव्य केले. खडकाळ, कोरड्या टेकडीवर त्यांनी ‘स्कॉट्स कॉलेज’ ही निवासी संस्था आणि तिच्याभोवती शिकवणाऱ्या बागा उभ्या केल्या. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा दिला. छोटे चौक, मध्ये बाग असलेले गृहसमूह आणि सावलीचे रस्ते हे त्याचे विशेष होते. तो बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आला. त्यावर उभ्या राहिलेल्या ‘व्हाइट सिटी’ला २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. १९३२ च्या आरंभी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

गेडीस यांचे भारतातील बहुतेक अहवाल दप्तरात पडून राहिले. त्यांचे लेखन पसरट होते, निर्णय घेणाऱ्यांना ते अवघड वाटे. संस्थानिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीवर त्यांचे काम अवलंबून होते. मर्जी फिरली की योजना थांबे. तरीही विचार टिकला. अमेरिकेतील लुईस ममफर्ड यांनी त्यांना गुरू मानले आणि आपल्या मुलाचे नाव गेडीस ठेवले. जॅकलिन टिरविट यांनी १९४७ मध्ये भारतातील अहवालांतील निवडक भाग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, त्यामुळे ते स्वतंत्र भारतातील रचनाकारांपर्यंत पोहोचले. मूळचे स्कॉटलंडचे इयन मॅकहार्ग यांनी १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या ग्रंथात उतार, माती, पाणी आणि वनस्पती यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून जमिनीचा वापर ठरवण्याची पद्धत मांडली. तिची मुळे खोऱ्याच्या छेदात आहेत. आज संगणकावर केली जाणारी भौगोलिक माहितीची मांडणी हे त्याच रीतीचे पुढचे पाऊल आहे.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याआधी पाहणी करून जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा तयार करणे आणि आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवणे बंधनकारक आहे. १९७५ च्या कायद्याने शहरी भागातील झाडांना संरक्षण मिळाले. कायद्याच्या या तरतुदींत ‘आधी पाहणी’ हे तत्त्व उतरले आहे. त्यात प्राण ओतण्याचे काम नगरपालिका, शाळा आणि नागरिक यांचे आहे.

गेडीस यांच्या काळातच, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी जयसिंगपूर हे आखीव बाजारपेठेचे गाव वसवले आणि राधानगरीच्या धरणाद्वारे पाण्याचा विचार खोऱ्याच्या पातळीवर केला. आखणी व पाणी यांचा विचार कोल्हापूर जिल्ह्याला परका नाही. पेठ वडगावसारख्या गावाला गेडीस यांची पद्धत वापरण्यासाठी मोठा निधी लागत नाही. गावातील आणि शिवारातील तळी, विहिरी, आड, ओढे व नाले यांची यादी करणे; जुन्या झाडांची आणि पारांची नोंद ठेवणे; बाजाराच्या दिवशी माणसे, जनावरे व वाहने कुठे अडतात ते नकाशावर दाखवणे; पडीक मोकळ्या जागा शोधणे; आणि महापुराचे पाणी कुठपर्यंत आले होते ते वडीलधाऱ्यांना विचारून खुणा करणे, ही कामे शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली करू शकतात. असा नकाशा नगरपालिकेत सर्वांना दिसेल असा लावला, तर पुढचा रस्ता, पुढची बाग आणि पुढची वसाहत ठरवताना लोकांना आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडता येईल.